आजार धाकट्याचा, बैठक आमची

रुग्णांच्या नातेवाइकांसाठीच्या बैठकीत पहिल्या दिवशी आमच्या हातात बावीस प्रश्नांचा कागद दिला. रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसावर किती भार पडतो, ते मोजायची ही प्रश्नावली झारिट यांच्या नावाने ओळखली जाते. प्रत्येक प्रश्नापुढे ‘कधीच नाही’पासून ‘जवळजवळ नेहमी’पर्यंत खुणा करायच्या. रुग्णाजवळ असताना तुम्हाला राग येतो का? त्याच्यामुळे तुमचं लोकांत येणं-जाणं कमी झालंय का? त्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर सोपवता आली असती तर बरं झालं असतं, असं वाटतं का?

आईचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी तिला वाचून दाखवत होते. या शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, “हे राहू दे, पुढचं वाच.” मी माझ्या कागदावर ‘कधीकधी’वर खूण केली आणि कागद उलटा ठेवला.

धाकट्याला, म्हणजे माझ्या भावाला, स्किझोफ्रेनिया आहे, नसलेले आवाज ऐकू येऊ शकतात असा मनाचा आजार. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुरू झाला; आता तो चाळिशीला टेकलाय. आई आणि तो अशोक चौकाच्या बाजूला आमच्या जुन्या घरात राहतात. मी जुळे सोलापुरात, नवरा आणि बारावीतल्या मुलीसोबत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली, मग काही वर्षांनी तेही गेले. सुरुवातीची वर्षं कशी गेली ते इथे विस्ताराने सांगत नाही, कारण ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना ती पाठच असतात. आधी करणी, मग पत्रिका, मग लग्न करून द्या म्हणजे सुधारेल, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. दोन-तीन औषधं लागू पडली नाहीत तेव्हा क्लोझापिन सुरू केलं. या औषधात पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने कमी होऊ शकतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. त्या औषधाने तो बराच सावरला. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण आवाजांचं ऐकून घराबाहेर पळणं थांबलं.

म्हणजे बैठकीची पाटी दिसली तेव्हा तो तसा बरा होता, आणि आम्ही दोघी मात्र पार विटून गेलो होतो.

पाटी दवाखान्यातच लागली होती. ‘नातेवाइकांसाठी बैठक. रुग्णाला सोबत आणू नये.’ हे शेवटचं वाक्य मी पुन्हा वाचलं, कारण इतक्या वर्षांत आम्हाला सगळीकडे ‘पेशंटला घेऊन या’ असंच सांगितलं गेलं होतं. आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, “मग त्याच्याजवळ कोण बसणार?” कुणीच बसणार नव्हतं. दोन तास तो एकटा राहणार होता. त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, “अक्का, मी काय लहान पोर आहे काय?” आईने तरी गॅसची टाकी बंद केली, शेजारच्या काकूंना सांगितलं, आणि रिक्षात बसल्यावर टाकी खरंच बंद केली का म्हणून परत उतरली.

बैठक घेणाऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. खोलीत आम्ही मोजकी माणसं होतो. एक विडी कामगार मावशी, घरी तेलुगू बोलणाऱ्या, मुलगा आजारी. एक रिटायर्ड शिक्षक, बायको आजारी. बार्शीहून येणारे एक गृहस्थ, मुलगा आजारी. एक नवी सून, जिच्या जावेला हा आजार होता आणि घरातून दुसरं कुणी यायला तयार नव्हतं म्हणून हिला पाठवलेलं. मराठी, तेलुगू, कानडी, थोडं दखनी असं सगळं मिसळून बोलणं चालायचं. सोलापुरात त्याचं कुणाला नवल नाही.

मॅडमनी पहिल्यांदाच स्पष्ट केलं की ही आजाराची माहिती देणारी बैठक नव्हे. ती माहिती वेगळी, आणि ती आधी मिळायलाच हवी. इथला विषय तुम्ही. जगण्यातल्या अर्थावर बोलायच्या या पद्धतीच्या मुळाशी व्हिक्टर फ्रँकल आहेत, व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ, जन्म 1905. नाझींच्या छळछावण्यांत त्यांचे आई-वडील, भाऊ आणि पत्नी गेली. स्वतः ऑशविट्झमधून वाचले. माणसाला सुखापेक्षाही जगण्याला काही अर्थ असण्याची गरज मोठी असते, असं ते मांडत. मॅडम एका गोष्टीवर जोर द्यायच्या. ही मांडणी छावणीत सुचलेली नाही, तिची सुरुवात त्याआधीच झाली होती. दुःख भोगल्याशिवाय अर्थ सापडत नाही असा कुणी गैरसमज करून घेऊ नये, म्हणून. पुढे न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राइटबार्ट यांनी या विचारावरून बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी गटाने करायचा आठ बैठकांचा कार्यक्रम बसवला. नंतर तो कॅन्सर रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठीही बदलून घेतला गेला. आमच्या मॅडम त्याच सांगाड्यावर आमच्यासारख्या घरांसाठी काम करत होत्या.

विडीवाल्या मावशींनी फ्रँकलची गोष्ट नीट ऐकून घेतली. म्हणाल्या, “त्या माणसाचं सगळंच गेलं की हो. माझं पोरगं तर घरात आहे.” मग जरा थांबून, “पण त्याची छावणी संपली. आमची कुठं संपतीय?”

मॅडमनी यावर उत्तर दिलं नाही. फक्त “हे लिहून ठेवू या” म्हणाल्या आणि फळ्यावर लिहिलं. मला त्या तिथेच आवडल्या.

सुरुवातीची एक बैठक मॅडमनी ‘का?’ या एकाच प्रश्नाला दिली. आमच्याच घरी का, असं मनात आल्यावर तुम्ही स्वतःला काय उत्तर देता, ते प्रत्येकाने सांगायचं. उत्तरं भराभर आली. साडेसाती. लग्नातला मानपान. लहानपणी फार मारलं. फार लाड केले. कॉलेजात गांजा. गरोदरपणी ग्रहण पाहिलं. शिक्षक म्हणाले, “मागच्या जन्मीचं काहीतरी.” आई सगळ्यांत शेवटी बोलली. धाकटा पोटात असताना ती मिलच्या संपामुळे फार काळजीत होती, जेवायची नाही, रडायची. त्यामुळे झालं असणार. मला हे तिने कधी सांगितलं नव्हतं. जवळजवळ चाळीस वर्षं हे ओझं बाळगून ती त्याला जेवायला वाढत होती.

मॅडमनी शास्त्राला जे माहीत आहे ते थोडक्यात सांगितलं. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा, मेंदूच्या वाढीतले फरक, जन्माच्या वेळच्या काही अडचणी, गांजासारख्या नशेने वाढणारा धोका. यातलं कुठलंही एक बोट दाखवून ‘हेच कारण’ असं एका माणसाबाबत सांगता येत नाही. मग म्हणाल्या, आईला दोष देण्यात तुमचेच नातेवाईक नाहीत, डॉक्टरही होते. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी अशी कल्पना मांडली की आईच्या विशिष्ट वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो. काही दशकं ती कल्पना चालली. संशोधनात तिला आधार मिळाला नाही, आणि ती मोडीत निघाली. तोवर कितीतरी बायकांना पांढऱ्या कोटातल्या माणसांकडून हे ऐकून घ्यावं लागलं.

आई म्हणाली, “म्हणजे तिकडंही आईच?”

सगळे हसले, तीही हसली. परत येताना रिक्षात मात्र एक शब्द बोलली नाही. त्या रात्री तिने धाकट्याला आमटी गरम करून दिली नाही, ‘तुझी तू घे’ म्हणाली. त्याने घेतली.

आजाराला अर्थ असतो का, यावर या बैठकीत कुणी आम्हाला काही शिकवलं नाही, आणि माझ्या मते हेच त्यातलं सगळ्यात चांगलं. आपल्याकडे सांत्वनाला येणारे लोक अर्थ घेऊनच येतात. देव परीक्षा बघतो. तुमच्यात ताकद आहे म्हणूनच तुम्हाला दिलं. अशा मुलाच्या पायगुणाने घर चालतं. एकदा सिद्धेश्वराच्या देवळात एका बाईंनी माझ्या आईला ‘तुम्ही भाग्यवान’ म्हणून सांगितलं होतं. आई तिथे काही बोलली नाही, पण परत फिरल्यावर तिच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता यायचं नाही. मॅडमचं म्हणणं सरळ होतं. आजार हा आजार आहे, मधुमेहात अर्थ शोधत नाही तसा यातही शोधू नका. तुमचा सोमवार, तुमचा मंगळवार कशासाठी जातो, एवढंच इथे बघायचं.

ते बघायला त्यांच्याकडे चार वाटा होत्या. आपण कुठून आलो आणि मागे काय ठेवणार. जे बदलता येत नाही त्याच्याकडे कोणत्या भूमिकेतून बघणार. आपण काय घडवतो, कशाची जबाबदारी घेतो. आणि काय अनुभवतो, म्हणजे प्रेम, निसर्ग, गाणं, हसणं. ऐकताना हे शाळेतल्या निबंधाचे मुद्दे वाटले, हे खरं सांगते. कामाला लागल्यावर वेगळं झालं.

पहिल्या वाटेसाठी घरी विचारून यायचं होतं, आपल्या आधीच्या पिढ्यांत कुणाला असं काही होतं का. आईला विचारलं तर ‘कुणाला नाही’. दोन दिवसांनी, शेंगा निवडताना, तिने आपणहून सुरू केलं. अक्कलकोट तालुक्यातल्या तिच्या माहेरी तिची एक आत्या होती. एकटीच बोलायची, रात्री उठून अंगणात फिरायची. अंगात येतं म्हणायचे. पाहुणे आले की तिला गोठ्याच्या बाजूच्या खोलीत बसवून बाहेरून कडी. आई लहान होती, तिच्याकडे काम असायचं आत भाकरी नेऊन द्यायचं. “ती मला गोष्टी सांगायची,” आई म्हणाली. “चांगल्या सांगायची. मधेच काहीतरी वेगळंच बोलायची, मग परत गोष्ट.” त्या आत्याचं नाव आमच्या घरात कधी कुणी घेतलं नव्हतं. कुठल्या फोटोत ती नाही.

हे सगळं ऐकणारी तिसरी एक व्यक्ती होती, माझी मुलगी. ती आतल्या खोलीत अभ्यास करत होती असा आमचा समज. रात्री ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “आधी आजीची आत्या, मग मामा. मग मी का?”

तिने मोबाईलवर आधीच बरंच वाचलेलं होतं. कधीपासून वाचत होती कोण जाणे. माझ्या आईने मला जसं ‘कुणाला नाही’ सांगितलं तसं मी हिला सांगू शकले असते. पण बैठकीत आदल्याच आठवड्यात आकडे ऐकले होते, तेच सांगितले. सर्वसाधारण लोकांत हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. सख्खा भाऊ, बहीण, आई किंवा वडील आजारी असतील तर धोका शंभरात दहाच्या आसपास जातो. मामा हे त्याच्या पुढचं नातं, तिथे तो पुन्हा पुष्कळ खाली येतो, शंभरातल्या दोन-चारांच्या घरात. म्हणजे तुला होण्यापेक्षा न होण्याची शक्यता कितीतरी जास्त. नशा करायची नाही, हे मात्र तुला इतरांपेक्षा जास्त लागू. आणि कधी झोप उडाली, कुणी आपल्यावर नजर ठेवतंय असं वाटायला लागलं, तर पहिल्या दिवशी मला सांगायचं, दुसऱ्या नाही.

ती म्हणाली, “आणि तू मला खोलीत नाही कोंडणार.”

“नाही.”

“मग ठीक आहे,” म्हणून ती परत अभ्यासाला गेली. आपण मागे काय ठेवणार, या मॅडमच्या प्रश्नाला माझ्या वहीत एवढंच उत्तर आहे: मुलीला खरे आकडे सांगितले. आईच्या वहीत (माझ्याच अक्षरात, ती सांगेल तसं) आत्याचं नाव लिहिलंय आणि तिने सांगितलेली एक गोष्ट, कोल्ह्याची.

बार्शीचे गृहस्थ इथवर नव्हते. ते दुसऱ्या बैठकीनंतर आलेच नाहीत. जाताना त्यांनी मॅडमना विचारलं होतं, “माझा मुलगा बरा होणार की नाही तेवढं सांगा.” मॅडमनी खरं ते सांगितलं, काही जण चांगले बरे होतात, पुष्कळांना थोडी लक्षणं राहून जातात, काहींचं अवघड जातं; औषध मधेच सोडलं तर उलटण्याचा धोका नक्की वाढतो. ते म्हणाले, मग मी इथं वहीत काय लिहीत बसू? मला ते पटलं. त्यांचा मुलगा आजारी पडून वर्षही झालं नव्हतं, घरात अजून आरडाओरडा चालू होता, औषधाचा डोस बसला नव्हता. अशा वेळी माणसाला आधी डॉक्टर हवा, आजाराची माहिती हवी, रात्री फोन उचलणारं कुणी हवं. सरकारची टेलिमानस सेवा आहे, 14416 वर, मराठीतही बोलतात. तो नंबर शिक्षकांनी त्यांना लिहून दिला. अर्थबिर्थ नंतर. घर पेटलेलं असताना बसून हे करायचं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कुठल्या संस्थेने नवीन रुग्णाच्या आईवडिलांना थेट याच बैठकीत बसवलं तर मी नको म्हणेन.

‘काय घडवता’ या बैठकीला प्रत्येकाने हाताने केलेली एखादी वस्तू आणायची होती. मी कारखान्याची खतावणी थोडीच आणणार? मी शेंगाचटणी नेली, उखळातली. शिक्षकांनी बायकोच्या गोळ्यांचा तक्ता आणला, रंगीत पेन्सिलींनी आखलेला, सकाळचा पिवळा, रात्रीचा निळा. आणि मावशींनी पदराआडून विड्यांचं एक बंडल काढून टेबलावर ठेवलं. “मॅडम, ओढायच्या नाहीत, बघायच्या,” असं वर.

मग त्यांनी एक विडी हातात घेऊन सांगितलं. पान भिजवायचं, कात्रीने एका मापात कापायचं, जर्दा किती घालायचा ते बोटालाच कळतं, गुंडाळून तोंड नखाने आत दुमडायचं, दोरा. जास्त दाबली तर ओढली जात नाही, सैल राहिली तर कारखान्यात छाटतात. हे सांगताना त्यांची बोटं रिकामीच चालत होती आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. “पोरगं रात्रभर जागलं, मारलं, शिव्या दिल्या, तरी सकाळी सूप मांडीवर घेतलं की घेतलं. एक हजार झाल्या पाहिजेत म्हणजे पाहिजेत. लोक म्हणतात, हिला काही वाटत नाही. मला वाटतंय की. पण हजार झाल्या की मला वाटतंय आज मी होते.”

शिक्षकांनी ‘आज मी होते’ आपल्या वहीत लिहून घेतलं. मी घेतलं नाही, मला ते तसंच पाठ झालं.

या मावशींमुळे बैठकीची वेळही बदलली होती. आधी सकाळी ठेवली होती. पण विड्या जमा करायला जायची वेळ तीच, अर्धा दिवस गेला की मजुरी गेली. मॅडमनी दुपारी उशिरा घेतली. मग आईची तक्रार सुरू झाली, की आमच्या भागात पाणी येतं त्याच दिवशी, त्याच वेळेला. सोलापुरात पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या बाईला दुसरं कुठलंही काम सुचू शकत नाही. शेवटी ठरलं की पाणी धाकट्याने भरायचं. आई म्हणाली, होणार नाही. झालं. पिंप काठोकाठ भरलं, आणि जिन्यावरही भरपूर पाणी झालं. आई ओरडणार होती, तेवढ्यात तिने माझ्याकडे बघितलं आणि फडकं घेतलं.

ते बघण्यामागेही बैठकच होती. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि नंतरच्या संशोधकांनी असं पाहिलं होतं की ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते, राग राग केला जातो किंवा त्याला अति जपलं जातं, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त. त्यातही आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर राहणाऱ्यांत अधिकच. चंदिगडच्या घरांचा तसाच अभ्यास झाला तेव्हा तिथे टीका लंडनपेक्षा कमी आढळली. (चंदिगडकरांनी आमच्याकडे पाण्याच्या दिवशी येऊन बघावं.) हे संशोधन घरच्यांना दोष देण्यासाठी नाही, असं मॅडम पुन्हा पुन्हा सांगायच्या. पण आया ते दोष म्हणूनच ऐकतात, याला काही इलाज नाही. मला त्यातला तासांचा भाग उपयोगी वाटला. आई आणि धाकटा दोन खोल्यांत दिवसरात्र समोरासमोर. बैठकीचे दोन तास त्यातून कमी झाले, मग आईने भजनी मंडळ पुन्हा धरलं, आणखी काही तास कमी झाले. टीका किती घटली ते कुणी मोजलं नाही, घरात थोडी हवा खेळायला लागली एवढं खरं.

भूमिकेची बैठक मला सगळ्यात जड गेली, आणि तिचा प्रत्यय नेमका तिच्याच आसपास आला. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. खटक-खटक असा आवाज दिवसभर आणि कधी रात्रपाळीलाही चालतो. आम्हाला तो ऐकू येत नाही इतका सवयीचा. धाकट्याला त्यात स्वतःचं नाव ऐकू येतं. औषधाने ते खूप कमी झालं होतं. त्या आठवड्यात पुन्हा वाढलं. आईचा रात्री फोन आला, मी आणि नवरा गाडीवर गेलो. तो उंबऱ्यात बसला होता, कानांवर हात. “अक्का, ते मुद्दाम घेतायत.” पूर्वी अशा वेळी मी वाद घालायचे किंवा थकून ‘हो बाबा’ म्हणायचे. या वेळी एवढंच म्हटलं, “मला मागाचाच आवाज येतोय. तुला नाव येतंय म्हणजे त्रास होत असणार. मी बसते.” आणि बसले. पुष्कळ वेळ. मच्छर चावत होते, दुसऱ्या दिवशी मार्चएंडचं काम होतं, सगळं आठवत होतं. मग लाइट गेली आणि सगळे माग एकदम थांबले. तो हळूच, पण माझ्याशी नाही, म्हणाला, “अक्का आलीय. आता गप्प बसा.”

आवाजांना तो माझं नाव सांगून दम देत होता.

हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा मॅडमनी विचारलं, त्या वेळी तुम्ही तिथे कोण होता? मी म्हटलं, बहीण. त्या म्हणाल्या, त्या बावीस प्रश्नांत तुम्हाला ‘काळजी घेणारी व्यक्ती’ म्हटलं होतं. यावर पुढे काही चर्चा झाली नाही, सुनेची पाळी आली. (तिने जावेसोबत कंबर तलावावर फिरायला जायला सुरुवात केली होती, सासूला ते आवडलं नव्हतं, त्यावर मग बराच वेळ गेला.) दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवून धाकट्याचं औषध थोडं वाढवून घेतलं. बैठकीने आवाज थांबत नाहीत, गोळीने थांबतात, हे आमच्या घरात कुणी विसरत नाही.

बैठका संपल्यावर पुन्हा तोच बावीस प्रश्नांचा कागद भरून घेतला. माझी बेरीज थोडी उतरली, आईची जवळजवळ तेवढीच राहिली. मॅडम म्हणाल्या, भार तेवढाच असू शकतो. आई म्हणाली, भार असणारच की, सोलापुरात उन्हाळा असतो तसा.

त्यानंतर एक काम मात्र मार्गी लागलं, जे आम्ही वर्षानुवर्षं पुढे ढकलत होतो. आईनंतर काय? 2016 च्या कायद्यात मानसिक आजार अपंगत्वात धरला आहे, त्यामुळे धाकट्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज केला. खेटे घालावे लागले, तेवढं सोडून देते. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कुठल्याही सज्ञान माणसाला स्वतःचा प्रतिनिधी नेमता येतो, जो आजाराच्या काळात उपचाराच्या निर्णयात त्याला मदत करेल. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालतं. मला हे बैठकीतल्या शिक्षकांनी सांगितलं. एका रविवारी धाकटा नीट होता, जेवण झालं होतं, मी कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तुझा प्रतिनिधी कोण, ते तू लिहायचं, आम्ही कुणी सांगणार नाही.

त्याने वेळ घेतला. पॉलिटेक्निकमध्ये असताना ड्रॉइंगवर लिहायचा तशा अक्षरात त्याने लिहिलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर माझ्या नवऱ्याचं नाव होतं.

“दाजी?” मी म्हटलं.

“दाजी ऐकून घेतात,” तो म्हणाला. “तू आधी ओरडतेस, मग ऐकतेस.”

आई पदरात तोंड घालून हसत होती. नवऱ्याने तिथेच खाली सही करून संमती दिली, आणि आता रोज रात्री मला गोळ्यांची नावं आणि डोस विचारतो. क्लोझापिन अजून क्लोरोपिन म्हणतो.